जमिनीत निजवलेलं अंजीर

न्यू जर्सीत आल्यावरचा पहिला हिवाळा, २०१२ सालचा. शेजारच्या बॅकयार्डात काहीतरी उंच उभं होतं, जुन्या कार्पेटचे तुकडे, गोणपाट, वरून ताडपत्री, सगळं दोरीनं करकचून बांधलेलं आणि डोक्यावर उपडी बादली. मला आधी ते बुजगावणंच वाटलं, पण डिसेंबरात बर्फ पडलेल्या जागी कुठली पाखरं हाकलायचीत? मग एप्रिलमध्ये एका रविवारी शेजारचे आजोबा खुर्ची टाकून बसले आणि एकेक थर सोडायला लागले, आतून राखाडी गुळगुळीत फांद्या निघाल्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक हिरवा, टोकदार, भाल्यासारखा कोंब. मी सासवडची आहे. तो कोंब मी झोपेतसुद्धा ओळखीन. अंजीर!

मी कुंपणापाशी गेले आणि बोलायच्या आधीच डोळे भरून आले, ते आजोबा बिचारे घाबरले.

आमच्याकडे अंजीर म्हणजे काय हे पुण्याकडच्या माणसाला सांगायला नको. दिवे घाट चढून वर आलं की रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बसलेल्या बायका, पाटीत खाली अंजिराचाच पाला, त्यावर जांभळट लाल फळं, एकावर एक न दाबता रचलेली. पहाटे तोडायची, कारण ऊन चढलं की फळ मऊ पडतं आणि पुण्याच्या मार्केटला पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दादांनी (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) मला फोन करून असं सांगितलं होतं जसं काही घरात कुणाला नोकरी लागली. आमची चाळीसेक झाडं आहेत, फार नाहीत, पण दादांचं सगळं कॅलेंडर त्या झाडांवर चालतं. बहार म्हणजे फळांचा हंगाम, खट्टा बहार पावसाळा-हिवाळ्याकडे, मीठा बहार उन्हाळ्यात, गोडीला मीठाच सरस. आणि बहार धरायचा म्हणजे झाडाचं पाणी तोडायचं, ताण द्यायचा, पान गळू द्यायचं, छाटायचं आणि मग पाणी सोडायचं. लहानपणी मला त्या ताणाचा फार राग यायचा, हिरव्यागार झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवायचं हे काय, असं वाटायचं. दादा म्हणायचे, "निजल्याशिवाय झाड उठत नाही."

म्हणजे आमच्याकडे झाडाला माणूस निजवतो. इथे थंडी निजवते. आणि कधी कधी परत उठू देत नाही.

शेजारचे आजोबा मूळचे कालाब्रियाचे, इटलीच्या पायाच्या बोटाकडचा भाग. त्यांचे वडील १९५० च्या दशकात बोटीनं आले तेव्हा कोटाच्या आतल्या खिशात ओल्या फडक्यात गुंडाळून एक काडी आणली होती असं ते सांगतात. अशा गोष्टी इथल्या कितीतरी इटालियन घरांत ऐकायला मिळतात. १८८० ते १९२० या काळात इटलीतून ४० लाखांच्या आसपास माणसं अमेरिकेत आली, बहुतेक दक्षिणेकडची, गरीब, आणि अंजिराची काडी आणणं सगळ्यात सोपं, काही खायला लागत नाही, जागा लागत नाही, चार महिने झोपून राहते. ब्रुकलिनमध्ये, फिलाडेल्फियात, इकडे जर्सीत, छोट्या छोट्या घरांच्या मागे ती झाडं अजून आहेत. मी मात्र सासवडहून काडी आणू शकले नाही. परवान्याशिवाय विमानातून फांदी आणणं नियमात बसत नाही, आणि ते बरोबरच आहे, अंजिराच्या काडीसोबत रोगही येतात. पण बॅग भरताना दर वेळी त्या काडीचा विचार येतोच येतो.

एक गोष्ट मला नकाशा बघताना कळली आणि मी चकित झाले. इटलीचं नापोली आणि न्यू यॉर्क, दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, ४१ च्या जरासं अलीकडे. म्हणजे जूनमधला दिवस तेवढाच लांब, ऊन तेवढंच तिरपं. फरक आहे तो हिवाळ्याचा, तिकडे भूमध्य समुद्राची ऊब, इकडे कॅनडाकडून सरळ खाली येणारा वारा. त्या माणसांनी इथला उन्हाळा बघून ओळखलं असणार की झाड जगेल, फक्त मधले चार महिने त्याला कुठेतरी लपवायचं.

मी २०१४ च्या वसंतात नर्सरीतून ब्राऊन टर्की जातीचं रोप आणलं आणि थेट जमिनीत लावलं. पहिला हिवाळा कसाबसा निघाला. दुसऱ्याला मी त्याला जाड प्लास्टिकनं घट्ट गुंडाळलं, मला वाटलं आता ऊब राहील. १४ फेब्रुवारी २०१६ ला न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात तापमान उणे १ फॅरनहाइटला गेलं, म्हणजे उणे १८ सेल्सिअस, आमच्याकडेही तशीच रात्र होती, वारा असा की घराच्या खिडक्या रात्रभर खडखडत होत्या. एप्रिलमध्ये प्लास्टिक काढलं. खोडावर नख ओरखडून बघितलं, साल तपकिरी, खाली हिरवं काहीच नाही. बुडापर्यंत तसंच.

दादांना फोन केला तर मी रडत होते आणि ते शांत. म्हणाले, "उपटू नकोस. मूळ बघ, खोड नको बघू."

मग मी हळूहळू शिकले की माझी चूक कुठे झाली. गोधडी माणसाला गरम करते कारण माणसाचं अंग गरम असतं, गोधडी ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही इतकंच. झाडाचं अंग गरम नसतं! त्याला कितीही गुंडाळलं तरी आत ऊब तयार होत नाही, ती येते जमिनीतून. म्हणून गुंडाळणं खालून मोकळं आणि जमिनीला टेकलेलं हवं, भोवती पालापाचोळा हवा, वर पाऊस आत जाऊ नये म्हणून ती बादली. आणि नुसतं प्लास्टिक तर फारच वाईट, जानेवारीतल्या उन्हात आत भट्टी होते, सालीखालचा रस जागा होतो आणि रात्री तोच गोठतो. निजलेल्या मोठ्या झाडाचं लाकूड साधारण उणे १० सेल्सिअसच्या आसपासपर्यंत टिकतं, त्याच्या खाली गेलं की धोका. मूळ मात्र पाल्याच्या जाड थराखाली त्याहून कितीतरी जास्त सोसतं.

आणि झालं तसंच. जूनच्या पहिल्या आठवड्यात मेलेल्या खोडाच्या शेजारून, मातीतून, चार फुटवे आले. मी आनंदानं अक्षरशः नाचले. ते वाढले की हो, ऑगस्टपर्यंत माझ्या डोक्याच्या वर, पानं हाताच्या पंजापेक्षा मोठी, पानांच्या बेचक्यात हिरवी गोल अंजिरं. सप्टेंबर गेला, अंजिरं तशीच. ऑक्टोबर आला, अजून हिरवी, दगडासारखी. मग एका रात्री फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव पडलं आणि सकाळी सगळी पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती, आणि त्यांच्यामध्ये साठ-सत्तर हिरवी फळं, एकही पिकलेलं नाही.

तेव्हा मला जे कळलं तेच मला या लेखात सांगायचं आहे, कारण थंड प्रदेशात अंजीर लावणारा जो तो थंडीची चिंता करतो. किती डिग्रीला मरेल, कशानं गुंडाळू, कुठली जात जास्त कणखर. हे सगळं ठीक आहे, पण मूळ वाचलं की झाड वाचतं. अंजिराला कमी पडतात ते दिवस. फळ दिसल्यापासून पिकेपर्यंत लवकर येणाऱ्या जातींनासुद्धा साधारण ८० ते १०० दिवस लागतात, आमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्याला पहिला फ्रॉस्ट धरायचा, म्हणजे मागे मोजत या, जुलैच्या मध्यापर्यंत फळ दिसलंच पाहिजे. ऑगस्टात दिसलेलं फळ नुसतं बघायचं. सगळा खटाटोप त्या तीन-चार आठवड्यांसाठी आहे.

अंजिराला दोन तऱ्हेची फळं येतात. एक गेल्या वर्षीच्या लाकडावर, ती उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच पिकतात, इथे त्याला ब्रेबा म्हणतात. दुसरी त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर, तो मुख्य बहार. थंडीनं वरचं लाकूड गेलं की ब्रेबा गेलंच, मग सगळी मदार नव्या फुटीवर. म्हणून जी जात जमिनीतून उठूनही त्याच वर्षी वेळेत फळ देते तीच इथे कामाची. शिकागो हार्डी इथल्या लोकांना त्याचसाठी प्रिय आहे, मी नंतर तीच लावली. फळ लहान असतं, तपकिरी-जांभळं, आतून जॅमसारखं. आमच्या पुरंदरच्या अंजिराचा रसाळपणा त्यात नाही, पण गोडीला खरंच छान आहे आणि मी ते दोन्ही एका पंगतीला बसवणार नाही.

आणि जात निवडताना अजून एक बघावं लागतं. अंजिराची फुलं आतच असतात हे आपल्याला उंबरामुळे ठाऊक आहे, वड, पिंपळ, उंबर, अंजीर एकाच घराण्यातले, दुर्मिळ माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो ते उगाच नाही. उंबर फोडल्यावर जी केंबरं उडतात तशीच अंजिराची एक बारीक माशी असते आणि स्मिर्ना गटातल्या जातींना ती आत शिरून परागीकरण केल्याशिवाय फळ पिकत नाही. कॅलिफोर्नियात अशी झाडं आधी लावली, फळं गळून पडत राहिली, शेवटी १८९९ मध्ये ती माशी तिथे आणून वसवली तेव्हा कुठे पीक मिळालं. आमच्या थंडीत ती माशी जगत नाही. तेव्हा इथे फक्त माशीशिवाय पिकणाऱ्या, साध्या गटातल्या जाती लावायच्या. बीतून कुठल्या गटाचं झाड येईल ते सांगता येत नाही, सुकवलेल्या अंजिरातलं बी पेरणाऱ्यांना म्हणून मी नेहमी सांगते, काडी लावा.

तर दिवस कसे कमवायचे? दादांना मी फळांचा फोटो पाठवला होता. त्यांनी झूम करून बघितला असणार, कारण लगेच म्हणाले, "झाड माजलंय. खत किती घालतेस?" मी घालत होते, भरपूर, जूनपासून सप्टेंबरपर्यंत. युरिया जास्त झाला की झाड पाल्यावर जातं, फळाकडे बघत नाही, हे त्यांना न्यू जर्सीत न येता दिसलं. दुसरं म्हणाले शेंडा खुड. पाच-सहा पानं झाली की वाढता शेंडा चिमटीत धरून मोडायचा. माझ्या जिवावर आलं होतं, इतक्या मुश्किलीनं आलेली फूट मोडायची म्हणजे. मोडली. सालीतून पांढरा चीक आला, तो हाताला लागू द्यायचा नाही, उन्हात कातडी भाजते. पण पंधरवड्यात पानांच्या बेचक्यात बारीक टाचणीच्या डोक्याएवढी फळं दिसायला लागली. २०१८ ची गोष्ट, जुलैची ९ तारीख, वहीत लिहून ठेवली आहे. सप्टेंबरच्या शेवटी पहिलं अंजीर पिकलं. अंजीर पिकलं की मान टाकतं, देठातून खाली झुकतं, आणि डोळ्यापाशी, म्हणजे फळाच्या टोकाच्या बारीक भोकापाशी, मधासारखा एक थेंब येतो. आधी तोडलं तर नंतर पिकत नाही, फक्त मऊ पडतं.

डोळ्यावरून आठवलं. पॅरिसजवळ आर्जांतय नावाचं गाव आहे, तिथले शेतकरी जुन्या काळी पॅरिसच्या बाजारासाठी अंजीर पिकवायचे. झाडं उभी वाढूच द्यायची नाहीत, फांद्या जमिनीलगत, हिवाळा आला की चर खणून फांद्या त्यात आडव्या निजवायच्या आणि वर माती ओढायची. आणि फळ वाढून वाढून थांबलं की त्याच्या डोळ्यावर ऑलिव्ह तेलाचा एक थेंब ठेवायचा, मग फळ लवकर पिकतं. मला ही आजीबाईची गोष्ट वाटली होती, पण तेल लावल्यावर फळात इथिलीन वायू वाढतो आणि त्यानं पिकणं सुरू होतं. अंजीर आधी झपाट्यानं फुगतं, मग मधे काही आठवडे तसंच थांबून राहतं, मग शेवटच्या काही दिवसांत एकदम दुप्पट होतं. त्या थांबण्याच्या अगदी शेवटी तेल लावलं तरच उपयोग. मी दर सप्टेंबरच्या शेवटी उरलेल्या फळांना कापसाच्या बोळ्यानं तेल लावते, संध्याकाळी, एकेका फळाच्या डोळ्याला, आणि ते करताना मला बाळाच्या टाळूला तेल घालणारी आई आठवते. राजा चौदावा लुई अंजिराचा इतका शौकीन होता की व्हर्सायच्या भाजीबागेत त्याचा माळी ला कँतिनी यानं लाकडी पेट्यांत ७०० अंजिराची झाडं ठेवली होती, थंडीत आत न्यायची, वसंतात बाहेर. माझ्या गॅरेजमधल्या पाच कुंड्यांचंही तेच चालू असतं, फक्त उचलायला माळी नाहीत.

पण या सगळ्यांत मला सगळ्यात आवडती गोष्ट इंग्लंडच्या शेफील्डची आहे. शेफील्ड म्हणजे पोलादाचं शहर, डॉन नदीच्या काठी कारखाने, नदीचं पाणी घ्यायचं, तापलेलं पोलाद थंड करायचं आणि गरम झालेलं पाणी परत नदीत. त्यामुळे नदी २० अंश सेल्सिअसच्या आसपास राहायची, इंग्लंडमध्ये, भर हिवाळ्यातसुद्धा. सांडपाणीही त्याच नदीत. लोक अंजिराची बिस्किटं खायचे, बी पोटातून न पचता जायचं, सांडपाण्यातून काठाच्या चिखलात, आणि त्या उबदार काठावर ते रुजलं. कुणी लावली नाहीत, कुणी राखली नाहीत, आणि काठाकाठानं अंजिराचं रान उभं राहिलं. ऑलिव्हर गिल्बर्ट नावाच्या वनस्पती अभ्यासकानं हे कोडं सोडवलं. कारखाने बंद पडत गेले, नदी थंड झाली, नवी रोपं उगवायची थांबली, पण जुनी झाडं अजून आहेत. मी जेव्हा हे वाचलं तेव्हा मला माझ्या पहिल्या रोपाचं मरण नीट समजलं. ऊब लागते ती लहानपणी. एकदा मूळ बळकट झालं, लाकूड जून झालं, की झाड आपलं आपण बघतं. तेव्हापासून मी नवं रोप पहिली दोन वर्षं कुंडीतच ठेवते, हिवाळ्यात गॅरेजमध्ये, अंधारात, महिन्यातून एकदा पेलाभर पाणी. तिसऱ्या वर्षी जमिनीत.

२०१९ च्या ऑक्टोबरात आई-दादा आले. दादा तेव्हा बहात्तर वर्षांचे. बरोबर त्याच सुमारास शेजारच्या आजोबांनी ठरवलं होतं की या वर्षी झाड गुंडाळायचं नाही, निजवायचं, कारण शिडीवर चढून बादली ठेवणं आता त्यांना जमत नव्हतं. नोव्हेंबरात पानं गळाली. आम्ही तिघं, आजोबांचा नातू चौथा. झाडाच्या एका बाजूला लांब चर खणला, दोन फूट खोल. फांद्या सुतळीनं एकत्र बांधल्या, केरसुणी बांधतात तशा. आणि मग आजोबांनी नातवाला फावडं दिलं आणि चराच्या उलट्या बाजूच्या मुळ्या तोडायला सांगितल्या, म्हणजे झाड चराकडे कलेल.

दादांनी फावडं धरलं. मला म्हणाले, "मुळ्या तोडतात होय? सांग त्यांना, असं नको."

मी सांगितलं. आजोबा म्हणाले माझे वडील तोडायचे, त्यांचे वडील तोडायचे. दादा काही बोलले नाहीत, पण गुडघे टेकून खाली बसले आणि हातानं माती उकरायला लागले. एकेक मूळ चाचपून बघायचे, जाड मूळ सोडायचे, बारीक दाखवायचे, हे तोड, हे ठेव. आजोबा बघत राहिले आणि मग तेही बसले. तासभर लागला. नातवानं आणि मी खोड धरलं, हळूहळू रेटलं, आतून करकर आवाज आला तसे दादा "बास, बास" ओरडले, थोडं थांबलो, परत रेटलं. झाड आडवं झालं. वर प्लायवूड, मग पालापाचोळा, मग माती, सगळ्यात वर ताडपत्री आणि कडेला विटा. उंदीर सालीला तोंड लावतात म्हणून दोन्ही टोकांना बारीक तारेची जाळी.

दादा डिसेंबरात परत गेले. त्यानंतर दर रविवारी सासवडहून फोन, आणि नातवंडांची चौकशी झाली की दुसरा प्रश्न, "ते आजोबांचं उठलं का?" जानेवारीत, फेब्रुवारीत, मी सांगायचे अहो दादा अजून बर्फ आहे. त्यांना त्या तोडलेल्या मुळ्यांची काळजी लागली होती. मार्चमध्ये तर जगच बंद झालं, मग ते दोन घरांतल्या कुंपणापलीकडचं झाड आम्हा सगळ्यांनाच रोजचा विषय झाला. लवकर उकरायचं नाही, उशिरा फ्रॉस्ट पडला तर उठलेला कोंब जातो, आणि उशीरही करायचा नाही, आत बुरशी धरते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, मास्क लावून, लांब लांब उभं राहून, मी आणि त्या नातवानं माती ओढली. प्लायवूड उचललं. ओल्या पाल्याचा कुबट वास आला. मी खोडावर नख ओढलं, सालीखाली ओला हिरवा रंग.

फोटो पाठवला तेव्हा तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते. दादा जागे होते. फोन आला, फार बोलले नाहीत. म्हणाले, "उभं करताना घाई करू नका, रोज थोडं थोडं. आणि पाणी बेतानं."

माझी जमिनीतली झाडं आता मी आडवीच वाढवते. जपानमध्ये अंजिराच्या बागा अशाच असतात, खोड गुडघ्याएवढं, त्यातून हातांसारख्या दोन आडव्या फांद्या दोन बाजूंना जमिनीलगत, आणि त्या हातांवर फूटभर अंतरानं उभ्या फुटी. हिवाळ्यात उभ्या फुटी दोन डोळ्यांवर (फांदीवरच्या कोंबांवर) छाटायच्या आणि फक्त ते दोन हात पाल्याखाली झाकायचे, ना चर, ना शिडी, ना मुळ्या तोडणं. दादांना व्हिडिओवर दाखवलं तर त्यांना फारच आवडलं, म्हणाले ही छाटणी आपल्याकडे करून बघतो एका झाडावर. आजोबांना सांगितलं तर त्यांनी मान हलवली, त्यांचं झाड ते निजवतात तसंच निजवणार. या नोव्हेंबरातही निजवू. फावडं आता नातवाकडे असतं, आणि बारीक मुळ्या कुठल्या ते मी हातानं चाचपून दाखवते.